फुकट सॉफ्टवेअर घेताना: खर्च कोण करतंय ते आधी बघा

आत्याने लॅपटॉप आणून समोर ठेवला. "जरा बघ रे, उघडायलाच पाच मिनिटं लागतात. जुना झालाय का?" जुना नव्हता. सुरू होताच उजव्या कोपऱ्यात एकामागून एक चौकोन उगवू लागले. तुमच्या संगणकात शेकडो दोष सापडले आहेत, ड्रायव्हर कालबाह्य झाले आहेत, संरक्षण आज संपतंय. खोदत गेल्यावर उलगडा झाला. तिला एक पीडीएफ उघडायची होती, म्हणून तिने एक मोफत पीडीएफ रीडर डाउनलोड केला. त्याच्या पाठीवर बसून वेग वाढवणारा प्रोग्रॅम आला, त्याच्यामागून ब्राउझरमधली नवी पट्टी आली आणि त्या पट्टीने सर्च इंजिनच बदलून टाकलं. एका पीडीएफपायी घरात सात पाहुणे, आणि एकही जायचं नाव घेईना.

"फुकट होतं म्हणून घेतलं," ती म्हणाली. 'फुकट ते पौष्टिक' संगणकाला लावू नकोस, एवढं मी बोलून गेलो. पण मग माझ्याच लक्षात आलं की मी रोज जे वापरतो त्यातलं जवळजवळ सगळं फुकटच आहे, आणि त्यातल्या कशानेही मला आजवर असा त्रास दिलेला नाही. मग तिच्या फुकटात आणि माझ्या फुकटात फरक कसला? विचार केला तर एका प्रश्नाशी येऊन थांबतो: हे बनवायला कुणाचा तरी वेळ आणि पैसा गेलाच असणार, तो कोण भरतंय?

फुकट आणि मुक्त

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाचे दोन अर्थ असल्यामुळे त्यांचा बराच घोळ होतो. आपल्याकडे सुदैवाने दोन वेगळे शब्द आहेत, फुकट आणि मुक्त. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हा त्यांना अभिप्रेत होता तो 'मुक्त' हा अर्थ. प्रोग्रॅम कुणीही वापरावा, तो आतून कसा बनलाय ते बघावं, त्यात बदल करावा आणि बदललेला प्रोग्रॅम दुसऱ्याला द्यावा. पैसे घ्यायचे की नाही हा त्यात दुय्यम मुद्दा होता.

'आतून कसा बनलाय' म्हणजे काय? शिवलेला सदरा आणि तो ज्यावरून बेतला तो कागद, असं समजा. आपण डाउनलोड करतो तो शिवलेला सदरा. कागद, म्हणजे सोर्स कोड, बहुतेक कंपन्या कुलपात ठेवतात. ओपन सोर्स प्रोग्रॅमचा कागद चव्हाट्यावर टांगलेला असतो. तुम्हीआम्ही तो वाचणार नाही हे उघड आहे. पण जगात वाचणारे लोक आहेत, आणि त्यामुळे लबाडी लपवणं अवघड जातं. शिवाय मूळ शिंपी बिघडला, तर दुसरा कुणी तोच कागद घेऊन नवं दुकान थाटू शकतो. हे खरंच घडतं, आणि त्याचं सर्वांत मोठं उदाहरण पुढे येईलच.

दुसरा प्रकार फ्रीवेअर. सदरा फुकट, कागद कुलपात. यात चांगले प्रोग्रॅमही आहेत, फक्त बनवणाऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागतं. तिसरा प्रकार अर्ध्या फुकटाचा: साधी कामं मोफत आणि नेमकी हवी ती सोय पैसे भरल्यावर. यात गैर काही नाही, पण तो अडसर कुठे लागतो ते आधी बघून घ्यावं. काही प्रोग्रॅम तुमचं सगळं काम करू देतात आणि 'सेव्ह' म्हटल्यावर हात पसरतात. चौथा प्रकार चाचणीपुरता, ठरावीक दिवसांनी बंद पडणारा.

'क्रॅक' केलेलं महागडं सॉफ्टवेअर मी यात धरतच नाही. कुलूप तोडणाऱ्याने किल्ल्या स्वतःपाशी ठेवल्या नसतील कशावरून? क्रॅक चालवताना अँटिव्हायरस बंद करा अशी सूचना सोबत येते, तेव्हाच काय ते समजावं.

आता खर्चाचं. फायरफॉक्स ब्राउझरमागच्या मोझिलाची बहुतांश कमाई गूगलकडून येते, ब्राउझरमध्ये गूगल हे पहिलं सर्च इंजिन म्हणून ठेवल्याबद्दल. पत्र-हिशेबाच्या कामाच्या लिबरऑफिसमागे 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' ही बर्लिनची संस्था आहे. तिला देणग्या मिळतात, आणि मोठ्या ग्राहकांना सेवा विकणाऱ्या काही कंपन्या आपल्या पगारी माणसांकडून त्यात सुधारणा करवून घेतात. विंडोजला जादा सोयी जोडणारं पॉवरटॉइज मायक्रोसॉफ्टच देतं, कारण विंडोज लोकांना सोयीचं वाटणं हा त्यांचाच फायदा. प्रत्येकाचं उत्तर वेगळं, पण उत्तर आहे. आत्याच्या पीडीएफ रीडरच्या वेबसाइटवर मी असं उत्तर बराच वेळ शोधलं. बनवणाऱ्याचं नावसुद्धा नव्हतं.

ऑफिसचं काम

पत्र, हिशेब, सादरीकरण यांसाठी लिबरऑफिस. याची कथा थोडी सांगतो, कारण मघाच्या शिंप्याचं उदाहरण ते हेच.

मुळात हे स्टारऑफिस नावाचं जर्मन उत्पादन. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी सोर्स कोड खुला केला. तेच ओपनऑफिस. २०१० च्या सुरुवातीला ओरॅकलने सनच विकत घेतली. नवा मालक याचं काय करणार या धास्तीने काम करणाऱ्यांतले बरेचसे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाहेर पडले, कोड सोबत घेऊन. त्यांनी नाव ठेवलं लिबरऑफिस. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये 'लिब्र' म्हणजे मुक्त.

ही जुनी भाऊबंदकी आज सांगण्याचं कारण म्हणजे ओपनऑफिस अजूनही डाउनलोडसाठी उपलब्ध आहे. नाव जास्त ओळखीचं असल्यामुळे लोक तेच घेतात. पण त्यात २०१४ नंतर किरकोळ दुरुस्त्यांपलीकडे फारसं काही झालेलं नाही. लिबरऑफिस मात्र वर्षातून दोनदा नवी आवृत्ती काढतं. तेव्हा घ्यायचं ते धाकटं भावंड.

लिबरऑफिसबद्दलची नेहमीची तक्रार: "वर्डची फाइल उघडली की सगळं हलतं." खरं आहे, पण बऱ्याचदा दोष प्रोग्रॅमचा नसून फाँटचा असतो. फाइलमध्ये सहसा अक्षरांचे आकार साठवलेले नसतात, फक्त फाँटचं नाव असतं. तुमच्या संगणकात तो फाँट नसेल, तर प्रोग्रॅम दुसरा घालतो. दुसऱ्याची अक्षरं केसभर रुंद असली तरी ओळ दोन शब्द आधी मोडते, परिच्छेद एका ओळीने वाढतो आणि पान संपायच्या आधी तक्ता पुढच्या पानावर उडी मारतो. यावर उपाय म्हणून काही फाँट मुद्दाम असे बनवलेत की त्यांची रुंदी मूळ फाँटशी तंतोतंत जुळते. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो, केंब्रियाच्या जागी कॅलेडिया, एरियल आणि टाइम्स न्यू रोमनच्या जागी लिबरेशन. हे लिबरऑफिससोबतच येतात. त्यामुळे अशा नेहमीच्या फाँटमधली फाइल बरीचशी जागच्या जागी राहते. एखादा वेगळा, सजावटीचा फाँट आला की गाडी अडते.

म्हणून माझा शिरस्ता असा: समोरच्याला फक्त वाचायचं असेल तर पीडीएफ पाठवायची, त्यात बदल करायचा असेल तर वर्डची डॉक्स (.docx) फाइल. स्वतःसाठी ठेवायच्या फाइल मी लिबरऑफिसच्या मूळ प्रकारात, ओडीएफमध्ये ठेवतो. हा प्रकार २००६ मध्ये आयएसओचा आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्याची रचना जाहीर असल्यामुळे उद्या लिबरऑफिस उरलं नाही तरी दुसरं कुणी त्या फाइल वाचू शकेल. एक कमी माहीत असलेली सोय म्हणजे 'हायब्रिड पीडीएफ'. एक्स्पोर्ट करताना तो पर्याय निवडला की पीडीएफच्या पोटात मूळ फाइलही बसते. इतरांना ती साधी पीडीएफ दिसते, तुम्ही ती लिबरऑफिसमध्ये उघडून पुन्हा लिहू शकता.

मेनूची जुनी मांडणी नको असेल तर 'व्ह्यू' मेनूतल्या 'यूजर इंटरफेस'मध्ये जाऊन टॅबवाली मांडणी निवडा. हे कुणी सांगत नाही, आणि पहिल्या पाच मिनिटांत लोक प्रोग्रॅम काढून टाकतात.

ज्यांचं पोट एक्सेलवर आहे, मोठे मॅक्रो, पॉवर क्वेरी वगैरे, त्यांनी लिबरऑफिसच्या भरवशावर राहू नये. घरचा हिशेब, यादी, अर्ज, प्रबंध यांना ते पुरून उरतं.

व्हिडिओ चालत नाही तेव्हा

फोनवर काढलेला व्हिडिओ संगणकावर नेला आणि नुसता आवाज आला, चित्र नाही, असं झालंय का कधी? कारण समजून घेण्यासारखं आहे.

व्हिडिओ फाइलच्या नावामागे एमपी४ किंवा एमकेव्ही लिहिलेलं असतं, ते फक्त डब्याचं नाव. डब्यात चित्र आणि आवाज कोणत्या पद्धतीने दाबून भरलेत ते नावावरून कळत नाही. दाबण्याच्या आणि उलगडण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. बरीच वर्षं एच.२६४ ही पद्धत सर्रास होती. २०१३ मध्ये तिच्यानंतरची एच.२६५ आली, जिला एचईव्हीसीही म्हणतात. ती जवळपास निम्म्या जागेत तितकंच चांगलं चित्र बसवते, म्हणून अनेक फोन आता तीच वापरतात. पण तिच्यावर पेटंटचे हक्क आहेत, त्यामुळे विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरला ती उलगडण्यासाठी बऱ्याचदा वेगळं एक्स्टेन्शन विकत घ्यावं लागतं. डबा उघडतो, आवाज निघतो, चित्राची घडी मात्र उलगडता येत नाही.

व्हीएलसी हा प्लेअर हे सगळे कोडेक स्वतःबरोबर घेऊनच येतो. म्हणून त्यात 'हे चालत नाही' असा प्रसंग क्वचितच. पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये कॅम्पसच्या नेटवर्कवरून व्हिडिओ दाखवण्यासाठी हा उद्योग सुरू केला. २००१ पासून तो मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुला झाला. रस्त्यावरच्या नारिंगी शंकूचं चिन्हही त्या विद्यार्थ्यांचंच, त्यांच्याकडे असे शंकू जमवण्याचा शौक होता. जानेवारी २०२५ मध्ये व्हीएलसीच्या डाउनलोडची संख्या ६०० कोटींवर गेल्याचं त्यांनी जाहीर केलं. एवढ्या पसाऱ्यावर एकही जाहिरात नाही. जाहिरातींसाठी मोठमोठे देकार आले आणि आपण ते नाकारले, असं प्रकल्पाचे प्रमुख झाँ-बाप्तिस्त केम्फ यांनी अनेकदा सांगितलंय.

दिसायला तो साधा, खरं तर ओबडधोबडच आहे. मला त्याचं काही वाटत नाही.

व्हिडिओ फार मोठा आहे, मेलमधून जात नाही, अशा वेळी हँडब्रेक. फाइल त्यात टाकायची, तयार पर्यायांतला एखादा 'फास्ट' पर्याय निवडायचा आणि सुरू करायचं. 'आरएफ' नावाची एक पट्टी दिसते, तेवढी ओळखून ठेवा: आकडा जितका मोठा तितकी फाइल लहान आणि चित्र खराब. एच.२६४ साठी २० ते २३ च्या आसपास ठेवलं की सहसा डोळ्यांना फरक जाणवत नाही आणि फाइल बरीच आटते. मूळ फाइल लगेच पुसू नका, नवी एकदा शेवटपर्यंत बघून घ्या.

आवाजाच्या कामाला ऑडॅसिटी. रेकॉर्डिंग, नको ते कापणं, मागची घरघर कमी करणं. कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालेला हा प्रोग्रॅम २००० सालापासून लोकांच्या हाती आहे. २०२१ मध्ये म्यूज ग्रुपने तो घेतला, आणि वापराची माहिती गोळा करण्याचा त्यांचा बेत कळताच एवढा गदारोळ झाला की त्यांना माघार घ्यावी लागली. काही जणांनी तर कोड घेऊन वेगळी चूल मांडायला सुरुवातही केली होती. कागद चव्हाट्यावर असण्याचा फायदा तो हाच. मालकाला लोकांकडे बघून पावलं टाकावी लागतात.

पीडीएफ, आणि तुमचे कागद कुठे जातात

आत्याची मूळ गरज. विंडोजवर सुमात्रा पीडीएफ नावाचा छोटासा ओपन सोर्स प्रोग्रॅम आहे. झटकन उघडतो, ई-बुकही दाखवतो, आणि खाती, सूचना, जाहिराती यांतलं काहीही नाही. नुसती वाचायची असेल तर तेही लागत नाही, कुठलाही ब्राउझर पीडीएफ उघडतो. मॅकवर तर प्रीव्ह्यू नावाचा प्रोग्रॅम आधीपासूनच असतो, त्यातून पानं जोडता येतात, काढता येतात, सहीही करता येते.

पानं जोडायची किंवा वेगळी करायची असतील तर पीडीएफसॅम बेसिक. हे काम करून देणाऱ्या ढीगभर वेबसाइट आहेत, आणि 'त्या असताना प्रोग्रॅम कशाला' असं वाटणं साहजिक आहे. पण आपण पानं जोडतो ती कसली? ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, भाडेकरार, तपासणीचे रिपोर्ट. ते सगळं एका अनोळखी संगणकावर चढवायचं, तिथे जोडून घ्यायचं आणि परत उतरवायचं. ती वेबसाइट प्रामाणिकही असेल, तासाभरात फाइल पुसतही असेल. पण ते तपासायचं कसं? संगणकात असलेला प्रोग्रॅम हेच काम इंटरनेट बंद करूनही करतो. डेस्कटॉप सॉफ्टवेअर जुनाट वाटतं अशा दिवसांत त्याच्या बाजूने माझ्याकडे असलेला सर्वांत मोठा मुद्दा हाच आहे.

फोटोंचं लवकर आटोपतो. कापणं, उजळ करणं, आकार बदलणं एवढ्यापुरतं विंडोजवर पेंट डॉट नेट पुरतं. गंमत म्हणजे ते त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहे आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये विकत, म्हणजे ज्यांना मदत करायची असेल त्यांनी तिथून घ्यावं. पूर्ण ताकदीचं हवं तर गिम्प. १९९५ मध्ये बर्कलीतल्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा प्रकल्प, त्याची ३.० आवृत्ती २०२५ च्या मार्चमध्ये आली. गिम्प शिकायला वेळ द्यावा लागतो, आणि ज्यांचा हात आधीच दुसऱ्या प्रोग्रॅमवर बसलाय त्यांना तो सुरुवातीला उलटा वाटतो. चित्रं काढणाऱ्यांनी थेट क्रिटाकडे जावं.

रोजची लहानसहान कामं

सेव्हन-झिप. झिप, रार आणि असल्या गाठोड्यांच्या फाइल उघडायला. इगोर पावलोव्ह यांनी १९९९ मध्ये हा प्रोग्रॅम आणला. आताचं विंडोज ११ स्वतःही यातल्या बऱ्याच फाइल उघडतं, पण सेव्हन-झिपची एक सोय वेगळी आहे. फोल्डरचं गाठोडं बांधताना पासवर्ड घालता येतो आणि आतला मजकूर एईएस-२५६ पद्धतीने कुलूपबंद होतो. 'फाइलची नावंही लपवा' या चौकोनावर खूण करायला विसरू नका. नाहीतर आतलं दिसत नाही, पण काय काय आहे त्याची यादी कुणीही वाचू शकतो.

विंडोजवर एव्हरीथिंग नावाचा प्रोग्रॅम मी पहिल्यांदा वापरला तेव्हा काहीतरी चुकतंय असंच वाटलं होतं. फाइलच्या नावाची तीन अक्षरं टाइप होईपर्यंत लाखो फाइलींतून नेमकी फाइल समोर. यात जादू नाही. विंडोज ज्या पद्धतीने डिस्कवर फाइली मांडतं, तिला एनटीएफएस म्हणतात, तिच्यात प्रत्येक फाइलची नोंद असलेली एक मुख्य वही असते. एव्हरीथिंग फोल्डरांची दारं ठोठावत फिरत नाही, ती वहीच वाचून घेतं आणि पुढे तिच्यात होणारे बदल टिपत राहतं. शोध मात्र सहसा नावावरून होतो, आतल्या मजकुरावरून नव्हे. म्हणून फाइलींना 'नवीन १', 'अंतिम', 'अंतिम खरं' अशी नावं ठेवणाऱ्यांना त्याचाही इलाज नाही.

डिस्क भरली असेल तर काय पुसायचं हे ठरवण्याआधी कशाने भरली ते बघावं. विझट्री किंवा ओपन सोर्स विनडरस्टॅट हे काम करतात. संपूर्ण डिस्क रंगीत चौकोनांत मांडून दाखवतात, मोठी फाइल तर मोठा चौकोन. आत्याच्या लॅपटॉपवर अर्ध्याहून जास्त जागा एकाच लग्नाच्या व्हिडिओच्या चार प्रतींनी खाल्ली होती. पण एक पथ्य पाळा: विंडोज नावाच्या फोल्डरातला चौकोन कितीही मोठा दिसला तरी त्याला हात लावायचा नाही.

पॉवरटॉइजमध्ये बऱ्याच वस्तू आहेत, मला दोनच आवडतात. एक, पन्नास फोटोंचा आकार एकदम बदलणं, तेही फोटोंवर उजवी क्लिक करून. दुसरी, पडद्यावर दिसणाऱ्या चित्रातली अक्षरं मजकूर म्हणून उचलणं.

ब्राउझर सगळ्यांकडे असतोच, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. एकच सांगतो, फायरफॉक्स आणि त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन, ही जोडी. २०२५ मध्ये क्रोमने एक्स्टेन्शनची जुनी पद्धत बंद केली, तेव्हापासून तिथे यूब्लॉकची हलकी आवृत्तीच चालते. फायरफॉक्सवर पूर्ण चालते. जाहिराती दिसत नाहीत हा आराम झाला, पण खरी किंमत वेगळी आहे. खोटी 'डाउनलोड'ची बटणं बहुतेक जाहिरातींच्या रूपातच येतात. ती दिसलीच नाहीत तर दाबली जाणार नाहीत.

पासवर्डची वही

सगळीकडे एकच पासवर्ड ठेवणं का वाईट? एका दुकानाची यादी चोरीला गेली की चोर तीच जोडी मेलवर, बँकेवर, सगळीकडे लावून बघतो, आणि हे काम माणूस नव्हे, यंत्र करतं. प्रत्येक जागी वेगळा पासवर्ड ठेवायचा तर तो लक्षात राहणार नाही. म्हणून पासवर्ड मॅनेजर: सगळे पासवर्ड एका पेटीत, आणि पेटीला एकच मोठा पासवर्ड.

कीपासएक्ससी ही पेटी तुमच्याच संगणकावर एका फाइलच्या रूपात ठेवतो. फाइल हरवली तर सगळं हरवलं, म्हणून तिची प्रत दुसरीकडे ठेवायची जबाबदारी तुमची. बिटवॉर्डन तीच पेटी त्यांच्या सर्व्हरवर ठेवतो. फोन आणि संगणक आपोआप जुळतात, आणि साधा वापर मोफत आहे. सर्व्हरवर जाते ती पेटी आधीच बंद झालेली असते, किल्ली त्यांच्याकडे नसते. तरी २०२२ मधला लास्टपास या अशाच पासवर्ड मॅनेजरचा प्रकार लक्षात ठेवावा. चोरांनी तिथून ग्राहकांच्या बंद पेट्याच पळवल्या. मजबूत मुख्य पासवर्डच्या पेट्या फोडणं जवळपास अशक्य, पण पाळीव प्राण्याचं नाव आणि जन्मवर्ष असं कुलूप असेल तर चोराला फुरसत भरपूर असते. चारपाच असंबद्ध शब्द ओळीने घ्या, तो पासवर्ड लांबही होतो आणि लक्षातही राहतो. तो कागदावर लिहून घरात नीट ठेवला तरी हरकत नाही. घरफोडी करणारा आणि इंटरनेटवरचा चोर सहसा वेगळे असतात.

जे घेऊ नये

संगणक 'साफ' करणारे, रजिस्ट्री 'दुरुस्त' करणारे, ड्रायव्हर 'अपडेट' करणारे, रॅम 'मोकळी' करणारे. यांतलं काही लागत नाही. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सेटिंग्जची भलीमोठी वही. तिच्यातल्या शेदोनशे जुन्या नोंदी खोडून वेग वाढत नाही, चुकीची एक खोडली तर मात्र एखादा प्रोग्रॅम उघडायचा बंद होतो. ड्रायव्हर, म्हणजे संगणकाचे वेगवेगळे भाग चालवणारे प्रोग्रॅम, विंडोज अपडेटमधून किंवा ज्या कंपनीचा लॅपटॉप तिच्या वेबसाइटवरून येतात. मोकळी रॅम काही बँकेत ठेवता येत नाही, ती वापरण्यासाठीच असते.

नामांकित प्रोग्रॅमही यातून सुटलेला नाही. सीक्लीनर हा या जातीतला सर्वांत प्रसिद्ध. २०१७ मध्ये हल्लेखोरांनी तो जिथे बनतो तिथेच शिरकाव केला आणि ५.३३ या आवृत्तीत स्वतःचा कोड घुसवला. ती आवृत्ती अधिकृत वेबसाइटवरूनच, कंपनीच्या डिजिटल सहीसह, जवळपास २२ लाख ७० हजार संगणकांवर पोहोचली. ज्याची गरजच नाही तो प्रोग्रॅम ठेवला नाही तर असलं संकट एकाने तरी कमी होतं.

दुसरा अँटिव्हायरसही लागत नाही. विंडोजमध्ये डिफेंडर असतो, घरच्या वापराला तो पुरतो. दोन-दोन ठेवले तर संगणक मंद होतो, आणि मोफत अँटिव्हायरसच्या भीती घालणाऱ्या सूचना बघता 'भीक नको पण कुत्रा आवर' म्हणायची वेळ येते.

उतरवताना

चांगला प्रोग्रॅम निवडूनही लोक फसतात ते इथे. सर्च इंजिनवर नाव टाकलं की सर्वांत वर येते ती बऱ्याचदा जाहिरात, आणि जाहिरातीची जागा कुणीही विकत घेऊ शकतो. नाव तेच, चिन्ह तेच, पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे. मी सर्च इंजिनऐवजी विकिपीडियावर त्या प्रोग्रॅमचं पान उघडतो आणि उजवीकडच्या चौकटीतला वेबसाइटचा दुवा घेतो. विंडोजवर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये असेल तर तिथूनही चालेल, पण तिथेही प्रकाशकाचं नाव बघा.

'सगळी सॉफ्टवेअर एका ठिकाणी' देणाऱ्या साइटपासून लांबच राहा. गिम्पच्या लोकांनी २०१३ मध्ये सोर्सफोर्ज या साइटवरून आपलं विंडोजचं डाउनलोड काढून घेतलं होतं. २०१५ मध्ये त्यांना कळलं की सोर्सफोर्जने ते सोडून दिलेलं खातं स्वतःच्या ताब्यात घेऊन गिम्प चालूच ठेवला आहे, आणि इन्स्टॉलरमध्ये जाहिरातींचं सॉफ्टवेअर जोडलं आहे. आरडाओरड झाल्यावर ते थांबलं, पुढच्या वर्षी साइटचे मालक बदलले आणि नव्या मालकांनी तो धंदा बंदही केला. पण त्यातून एक गोष्ट दिसली की प्रोग्रॅम अस्सल असला तरी वेष्टन दुसऱ्याचं असू शकतं.

इन्स्टॉल करताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत सुटू नका. 'रेकमेंडेड' ऐवजी 'कस्टम' किंवा 'अ‍ॅडव्हान्स्ड' निवडा, आणि आधीच खूण केलेले चौकोन वाचा. आत्याकडचे सातही पाहुणे रीतसर आमंत्रण घेऊन आले होते, तेही अशाच एका चौकोनातून.

अधिकृत साइटवर डाउनलोडशेजारी कधीकधी आकड्याअक्षरांची एक लांबलचक ओळ दिसते, शा-२५६ असं लिहिलेली. तो त्या फाइलचा अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी ठसा पार बदलतो. २०१७ च्या मे महिन्यात हँडब्रेकच्या एका मिरर सर्व्हरवर, म्हणजे डाउनलोडची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या संगणकावर, हल्लेखोरांनी मॅकची फाइल बदलली होती, काही दिवस ती तशीच उतरवली जात होती. ज्यांनी ठसा जुळवून पाहिला त्यांना ते लगेच कळलं असतं. आता हे सोपं आहे: सेव्हन-झिप बसवलेला असेल तर फाइलवर उजवी क्लिक केल्यावर तोच ठसा काढून देतो. रोज कुणी करत नाही, मीही नाही. पण पासवर्ड मॅनेजरसारखी वस्तू बसवताना करतो.

आणि अपडेट. फायरफॉक्स स्वतःच अपडेट होतो, व्हीएलसी विचारतो. सेव्हन-झिप मात्र स्वतःहून काहीच करत नाही, तुम्ही टाकलेली आवृत्ती दहा वर्षं तशीच बसून राहते. त्यात एक भोक सापडलं होतं. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीवर विंडोज 'ही बाहेरून आली आहे' अशी खूण करतं, दुहेरी गाठोडं बांधून ती खूण चुकवता येत होती, आणि हल्लेखोरांनी त्याचा वापरही केला. नोव्हेंबर २०२४ च्या २४.०९ आवृत्तीत ते बुजवलं गेलं. तुमच्याकडे सेव्हन-झिप असेल तर उघडा, 'हेल्प'मध्ये 'अबाउट' दाबा आणि आकडा बघा. आत्याच्या लॅपटॉपवर ९.२० होता.